स्कूल डिस्ट्रिक्टची पत्रं कशी वाचायची: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

ऑगस्टमध्ये मुलांची नावं शाळेत घातली की आठवड्याभरात ईमेलचा ओघ सुरू होतो. काही शाळेकडून, काही डिस्ट्रिक्टकडून, काही पालक संघटनेकडून. त्यात पिझ्झा नाइटचं आमंत्रण असतं, बाँड इलेक्शनची माहिती असते, अ‍ॅस्बेस्टॉसची नोटीस असते आणि इमारतींच्या दीर्घकालीन आराखड्याची भलीमोठी पीडीएफही असते. नुकतंच भारतातून आलेल्या घराला हे सगळं सारखंच अनोळखी असतं, त्यामुळे सगळंच न वाचता राहून जातं. मग जानेवारीत कळतं की ज्या शाळेसाठी घर भाड्याने घेतलं, तिची हद्द पुढच्या वर्षापासून रस्त्याच्या पलीकडे गेली आहे, आणि त्यावर बोलायची मुदत ऑक्टोबरमध्येच संपली आहे.

म्हणून कुठलंही पत्र उघडल्यावर आधी एवढंच शोधायचं: हा विषय आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे? नुसती चर्चा चालू आहे, समितीची शिफारस आली आहे, बोर्डाचं मतदान व्हायचं आहे, की निर्णय होऊन अंमलबजावणी सुरू झाली आहे? पहिल्या दोन टप्प्यांत एका ईमेलनेही फरक पडू शकतो. चौथ्यात फक्त तारखा पाळायच्या असतात. खालची सगळी माहिती हा टप्पा ओळखता यावा यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः टेक्सस आणि कॅलिफोर्नियाची आहेत, कारण दोन्हीकडे मराठी वस्ती मोठी आहे आणि दोन्हींचे नियम एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत.

पायरी 1: आपलं डिस्ट्रिक्ट नेमकं कुठलं ते पक्कं करा

अमेरिकेत सुमारे 13 हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट हे शहराच्या कारभारापासून वेगळं असतं. त्याचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं, कर वेगळा, हद्दही वेगळी. (हवाई हा अपवाद, तिथे सगळ्या राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे.) त्यामुळे टपालाच्या पत्त्यावरचं शहराचं नाव पाहून डिस्ट्रिक्ट ठरवू नका. पत्त्यात फ्रिस्को लिहिलेलं घर फ्रिस्को आयएसडीत (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये) असेलच असं नाही, ते प्रॉस्पर, लिटल एल्म किंवा लुइसव्हिल आयएसडीतही असू शकतं. क्युपर्टिनोमध्ये आठवीपर्यंत क्युपर्टिनो युनियन आणि नववीपासून फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट अशी दोन डिस्ट्रिक्ट आहेत. या दुसऱ्याचा फ्रीमाँट शहराशी काही संबंध नाही, तिथल्या शाळा फ्रीमाँट युनिफाइडकडे आहेत. अशा ठिकाणी घरात दोन डिस्ट्रिक्टची पत्रं येतात, दोन बोर्डांच्या निवडणुका होतात आणि करही दोघांचे लागतात.

घर घेण्याआधी किंवा लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरच्या स्कूल लोकेटरमध्ये घरनंबरासकट पूर्ण पत्ता टाका. घरांच्या जाहिरातीत दाखवलेली शाळा चुकीची किंवा जुनी असू शकते, आणि तसा खुलासा त्याच जाहिरातीत खाली बारीक अक्षरात असतो. लोकेटरने सांगितलेली शाळा ही फक्त 'हद्दीतली' शाळा असते. तिथे त्या इयत्तेत जागा आहे का, हे डिस्ट्रिक्टच्या नावनोंदणी कार्यालयाला फोन करूनच कळतं. कॅलिफोर्नियात उशिरा नाव घातलेल्या मुलाला जवळची शाळा भरली म्हणून दुसऱ्या शाळेत पाठवतात. तेव्हा तिथेच तीन गोष्टी विचारा: परत यायची प्रतीक्षा यादी आहे का, ती किती दिवस चालू राहते, आणि बस मिळेल का.

नाव घातलं की त्याच दिवशी ही कामं उरका. पेरेंट पोर्टलवर आई-वडील दोघांचेही ईमेल घाला. बहुतेक घरांत एकाचाच असतो आणि नेमकं तेच खातं ऑफिसच्या ईमेलांत बुडालेलं असतं. मजकूर संदेश बंद असतील तर चालू करा, कारण बर्फामुळे किंवा वादळामुळे शाळा बंद असल्याची सूचना पहाटे संदेशानेच येते. आणि बोर्डाच्या बैठकांची विषयपत्रिका ईमेलने मागवा. ही यादी बहुधा वेगळी असते, शाळेत नाव घातल्याने तुमचं नाव आपोआप त्यात जात नाही.

पायरी 2: विषयपत्रिका वाचायला शिका

शाळेची हद्द, इमारत, बजेट, सुट्ट्यांचं कॅलेंडर यांवर मुख्याध्यापक निर्णय घेत नाहीत. ते बहुतेक ठिकाणी पाच किंवा सात सदस्यांचं बोर्ड घेतं. सुपरिंटेंडंट हा बोर्डाने नेमलेला मुख्य अधिकारी. तक्रार मुख्याध्यापकांपाशी नेऊन महिनाभर वाट पाहणं ही नव्या पालकांची नेहमीची अडचण आहे. मुख्याध्यापक ऐकून घेतात, पण हद्द बदलणं त्यांच्या हातात नसतं. वर्गातला प्रश्न शिक्षकांकडे, शाळेतला मुख्याध्यापकांकडे आणि धोरणाचा प्रश्न बोर्डाकडे न्यायचा.

कॅलिफोर्नियात बैठका खुल्या ठेवण्याच्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान 72 तास आधी आणि विशेष बैठकीची 24 तास आधी जाहीर करावी लागते. त्यामुळे खिडकी छोटीच असते. विषयपत्रिकेत साधारण तीन प्रकारचे विषय असतात. 'इन्फर्मेशन' किंवा 'डिस्कशन' म्हणजे आज मतदान नाही, फक्त माहिती आणि चर्चा. 'अ‍ॅक्शन' म्हणजे आज मतदान. 'कन्सेंट' म्हणजे बिनविरोध समजून एकाच ठरावात मंजूर होणारी लांबलचक यादी, ज्यात कंत्राटं, खरेदी, सहलींना परवानगी असं सगळं असतं. तुमच्या कामाचा विषय 'डिस्कशन'मध्ये दिसला की ती बोलायची सर्वात चांगली वेळ. तोच विषय 'अ‍ॅक्शन'मध्ये येईपर्यंत सदस्यांची मतं बरीचशी बनलेली असतात.

मुख्य मजकूर जोडलेल्या फाइलींत असतो. विषयाच्या एका ओळीवरून काहीच कळत नाही. जोडलेल्या सादरीकरणात 'नेक्स्ट स्टेप्स' किंवा 'टाइमलाइन' असं पान शोधा आणि त्यातल्या तारखा घरच्या कॅलेंडरवर उतरवा.

वर्षाची लयही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑक्टोबरमध्ये पटाची अधिकृत मोजणी होते: कॅलिफोर्नियात महिन्याच्या पहिल्या बुधवारी, टेक्ससमध्ये शेवटच्या शुक्रवारी. त्या आकड्यांवरून हिवाळ्यात हद्दी, नव्या शाळा आणि शाळा बंद करण्याचे विषय पुढे सरकतात. जानेवारी ते मार्च या काळात पुढच्या वर्षीच्या किंडरगार्टनची नोंदणी आणि विशेष कार्यक्रमांचे अर्ज. वसंतात बजेट. कॅलिफोर्नियात 15 मार्चच्या सुमारास शिक्षकांना कपातीच्या प्राथमिक नोटिसा गेल्याची बातमी येते. कायद्याने त्या तारखेपर्यंत नोटीस द्यावीच लागते, म्हणून डिस्ट्रिक्ट खबरदारी म्हणून जास्तच देतात आणि पुढे त्यातल्या अनेक मागे घेतल्या जातात. नोटीस आली म्हणजे तुमच्या मुलाची बाई गेलीच असं धरून चालू नका. अंतिम नोटिशीची मुदत 15 मे आहे.

पायरी 3: पटाचे आकडे आणि हद्दीचे नकाशे

हा भाग थोडा निवांत वाचा. घराचा सर्वात मोठा निर्णय यावर अवलंबून असतो.

पुढच्या पाच-दहा वर्षांत किती मुलं येतील याचा अंदाज डिस्ट्रिक्ट लोकसंख्या-तज्ज्ञाकडून करून घेतं. पद्धत साधी आहे. समजा, गेल्या वर्षी किंडरगार्टनमध्ये 100 मुलं होती आणि यंदा तीच तुकडी पहिलीत 104 झाली. गुणोत्तर 1.04. अशी गुणोत्तरं प्रत्येक इयत्तेची काढून पुढे लावत न्यायची. किंडरगार्टनचा आकडा पाच वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदींवरून घ्यायचा. नवी वसाहत असेल तर दर घरामागे किती मुलं याचा दर लावायचा: 400 घरं आणि दर 0.4 असेल तर प्राथमिकला 160 मुलं.

अंदाज चुकतो तो बहुधा या दरात. स्वतंत्र घरं, टाउनहाउस आणि अपार्टमेंट यांचे दर वेगळे असतात. तरुण कुटुंबं भाड्याने राहतात अशा भागात अपार्टमेंटचा जुना दर कमी पडतो आणि शाळेच्या मैदानात पोर्टेबल वर्गखोल्या उभ्या राहतात. उलट काही भागांत घरांच्या किमती इतक्या वाढतात की लहान मुलांच्या आईवडिलांना तिथे घर घेणंच परवडत नाही, आणि तिथला पट दरवर्षी घसरतो. आराखडा हातात आला की आधी तपासा की तुमच्या भागातल्या नव्या वसाहती कोणत्या दराने आणि कोणत्या वर्षात धरल्या आहेत. बांधकाम सुरूही न झालेली वसाहत पुढच्याच वर्षी धरली असेल, किंवा लोक राहायला आलेली वसाहत यादीत नसेल, तर हे नेमकेपणाने लिहून कळवण्यासारखं आहे.

दुसरा आकडा क्षमतेचा. समजा, एका प्राथमिक शाळेत 36 खोल्या आहेत. संगीत, चित्रकला, स्पेशल एज्युकेशन आणि इंग्रजीची जादा शिकवणी यांत 6 गेल्या. उरल्या 30. टेक्ससमध्ये चौथीपर्यंत वर्गात 22 मुलांची मर्यादा आहे, तो हिशेब धरला तर 660. पण कुणी 36 खोल्यांना 25 ने गुणलं तर तीच शाळा कागदावर 900 ची होते आणि अर्धवट रिकामी दिसते. शाळा बंद करायच्या चर्चेत हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून 'वापराची टक्केवारी' कोणत्या क्षमतेवर काढली आहे, हा पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न.

'इथल्या शाळा नामांकित आहेत, त्या कशाला बंद पडतील' हा समज घेऊन घर घेऊ नका. क्युपर्टिनो युनियनने पट घसरल्यामुळे 2022 मध्ये मेयरहॉल्झ आणि रेगनार्ट या दोन प्राथमिक शाळा बंद केल्या. एकेकाळी देशात सर्वात वेगाने वाढणाऱ्या डिस्ट्रिक्टांत गणल्या गेलेल्या फ्रिस्को आयएसडीनेही 2025 मध्ये स्टेली मिडल स्कूल बंद केलं. दोन्हीकडे निकाल उत्तम होते. मुलंच कमी झाली, आणि राज्याचा पैसा मुलांच्या संख्येवर येतो.

हद्दबदलाचा नकाशा आला तर असं वाचा. नकाशे बहुधा दोन-तीन पर्यायांचे असतात. प्रत्येकात तुमचा 'प्लॅनिंग झोन' किंवा विभाग क्रमांक शोधून कुठल्या पर्यायात तो कुठे जातो ते मांडा. मग सवलतीचे नियम वाचा. शाळेत आधीपासून असलेल्या मुलांना तिथेच राहू द्यायचं का, याला 'ग्रँडफादरिंग' म्हणतात. ती सवलत बहुधा शाळेच्या शेवटच्या वर्षात जाणाऱ्यांना, म्हणजे पाचवी, आठवी आणि बारावीच्या मुलांना मिळते. धाकट्या भावंडाला ती लागू होतेच असं नाही, आणि सवलत घेतली की बस बहुधा बंद होते. दोन मुलं दोन शाळांत आणि दोन्हींची वेळ एकच, असा पेच यातूनच पडतो. अर्जाची मुदत चुकली तर सवलत जाते, म्हणून ही तारीख आधी टिपा.

पायरी 4: बाँड म्हणजे काय आणि तुमच्या खिशातून किती

बाँड म्हणजे इमारतींसाठी डिस्ट्रिक्टने काढलेलं कर्ज. ते मालमत्ता करातून फेडलं जातं आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी मतदारांची मंजुरी लागते. या पैशातून शाळा बांधता येते, छत बदलता येतं, टेक्ससमध्ये बसही घेता येतात. शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. 'पगारवाढीला पैसे नाहीत आणि नवं स्टेडियम कसं बांधतात' या रागाचं उत्तर इथेच आहे. टेक्ससच्या करबिलात हे दोन कप्पे वेगळे दिसतात: एमअँडओ म्हणजे रोजचा खर्च आणि आयअँडएस म्हणजे कर्जफेड. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात नेऊन पगार भागवता येत नाहीत.

मंजुरीला किती मतं लागतात ते राज्यागणिक बदलतं. टेक्ससमध्ये साधं बहुमत. कॅलिफोर्नियात 2000 च्या प्रपोझिशन 39 (म्हणजे मतदानाला टाकलेल्या प्रस्ताव क्रमांक 39) नुसार 55 टक्के. वॉशिंग्टनमध्ये 60 टक्के, शिवाय मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या 40 टक्के तरी मतदान व्हावं लागतं. म्हणजे सिअ‍ॅटलकडच्या उपनगरात 58 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं तरी बाँड पडतो, आणि तो पडला की पोर्टेबल खोल्या आणखी काही वर्षं तशाच राहतात.

टेक्ससचा हिशेब असा. घराची किंमत 5 लाख डॉलर. स्वतः राहता त्या घराला शाळेच्या करात 1 लाख 40 हजारांची होमस्टेड सूट. करपात्र उरले 3 लाख 60 हजार. बाँडमुळे दर 100 डॉलरमागे 3 सेंटने वाढणार असेल तर वर्षाला 108 डॉलर, महिन्याला 9. ही सूट अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. नवं घर घेतल्यावर काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (घरांचं मूल्यांकन ठरवणाऱ्या कार्यालयाकडे) अर्ज करायचा राहून जातो आणि वर्षभर जास्त कर भरला जातो.

2019 पासून टेक्ससच्या मतपत्रिकेवर शाळेच्या प्रत्येक बाँडखाली 'ही मालमत्ता करातली वाढ आहे' असं मोठ्या अक्षरांत छापावंच लागतं, दर वाढणार नसला तरीही. त्याच वेळी डिस्ट्रिक्टच्या माहितीपत्रकात 'कराचा दर वाढणार नाही' असं असतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. जुनं कर्ज फिटत आलं की त्याच दरात नवं बसवता येतं, पण बाँड झाला नसता तर दर खाली आला असता. शिवाय घराचं मूल्यांकन वाढलं तर दर तोच राहूनही बिल वाढतं. म्हणून प्रश्न 'दर वाढणार का' एवढाच विचारून थांबू नका. 'बाँड पडला तर दर किती होईल' हेही विचारा.

मतपत्रिकेवर एकाऐवजी तीन-चार प्रपोझिशन दिसण्याचं कारणही कायद्यात आहे: टेक्ससमध्ये मोठं स्टेडियम, जलतरण तलाव, नाट्यगृह, संगणकसामग्री यांसारख्या गोष्टी वर्गखोल्यांच्या बाँडपासून वेगळ्या मतदानाला टाकाव्या लागतात. प्रत्येकीवर वेगळं मत देता येतं.

कॅलिफोर्नियात मर्यादा दर 1 लाख डॉलर मूल्यांकनामागे वर्षाला 60 डॉलर अशी आहे (युनिफाइड, म्हणजे किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत एकच डिस्ट्रिक्ट असेल तर). नुसतं प्राथमिक किंवा नुसतं हायस्कूल डिस्ट्रिक्ट असेल तर 30. मर्यादा प्रत्येक निवडणुकीच्या बाँडला वेगळी लागते, त्यामुळे जुने बाँड चालू असतील तर त्यांचा आकडा वेगळा. इथे एक बाब नव्या घरमालकांनी ध्यानात घ्यायला हवी. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे कराचं मूल्यांकन खरेदीच्या किमतीवर ठरतं आणि त्यानंतर वर्षाला फार तर 2 टक्क्यांनी वाढतं. तुम्ही आज 15 लाखांना घर घेतलं तर 60 च्या दराने बाँडचे 900 डॉलर. शेजारी तीस वर्षांपूर्वी 3 लाखांत आलेल्या कुटुंबाचं मूल्यांकन आज फार तर साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणून त्यांना साधारण 325. माहितीपत्रकातल्या 'सरासरी घरमालका'चा आकडा तुमचा नसतो. स्वतःच्या बिलावरचं मूल्यांकन घेऊन गुणाकार करा. नव्या वसाहतीत घर असेल तर बिलात मेलो-रूस नावाचा वेगळा विशेष करही पाहा, तो शाळेच्या या बाँडपासून वेगळा असतो.

बाँड मंजूर झाला म्हणजे पुढच्या वर्षी शाळा तयार, असं होत नाही. कॅलिफोर्नियात 1933 च्या लाँग बीच भूकंपानंतर झालेल्या फील्ड अ‍ॅक्टमुळे सार्वजनिक शाळेचे आराखडे राज्याच्या वास्तुरचना विभागाकडून भूकंपसुरक्षेसाठी तपासून घ्यावे लागतात. आराखडा, तपासणी, निविदा, बांधकाम मिळून काही वर्षं जातात. मूल तिसरीत असताना मंजूर झालेल्या प्राथमिक शाळेचा फायदा बहुधा धाकट्यालाच मिळतो.

न घाबरता वाचायच्या नोटिसा

शाळेत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याची नोटीस दरवर्षी येते. 1986 च्या संघराज्य कायद्याने ती पाठवावीच लागते. जुन्या इमारतीच्या फरशीत किंवा नळाच्या वेष्टनात ते बंदिस्त असतं, दर सहा महिन्यांनी पाहणी आणि दर तीन वर्षांनी पूर्ण तपासणी होते. शाळेच्या कार्यालयात तपासणीची फाइल मागून पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. डागडुजीचं काम सुट्टीऐवजी वर्ग चालू असताना होणार असेल तरच जास्त चौकशी करा.

लसीकरणाची नोटीस मात्र ताबडतोब पाहा, नाहीतर मुलाला वर्गात बसू देत नाहीत. भारतातलं कार्ड पूर्ण असूनही त्रुटी निघतात त्याची कारणं ठरलेली आहेत. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचीच लागते. सरकारी कार्यक्रमातल्या एमआर लशीत गालगुंडाची लस नसते. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही. 1 एप्रिल 2016 नंतर दिलेले पोलिओचे तोंडावाटे थेंब मोजत नाहीत. निघण्याआधी मूळ कार्डावर तारखा स्पष्ट इंग्रजी अंकांत लिहून डॉक्टरांचा शिक्का घ्या.

मुलाची 'डिरेक्टरी इन्फर्मेशन' म्हणजे नाव, फोटो, पत्ता बाहेर देण्याबाबतची फेर्पा (विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या) कायद्याखालची नोटीसही वर्षाच्या सुरुवातीला येते. नको असेल तर ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावं लागतं. गप्प राहणं म्हणजे संमती.

पायरी 5: मुलांसाठीचे कार्यक्रम

नावनोंदणीच्या फॉर्मवर घरातल्या भाषेबद्दल प्रश्न असतात. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते: कॅलिफोर्नियात एल्पॅक, न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये विडाची चाचणी. ती टाळण्यासाठी काही जण 'इंग्रजी' लिहितात. असं करू नका. चाचणीत मूल पास झालं तर विषय संपला. न झालं तर त्याला जादा मदत मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. निकालाचं पत्र वाचा. विशेष वर्ग नको असेल तर पालक नकार देऊ शकतात, पण प्रावीण्य येईपर्यंत दरवर्षीची चाचणी मात्र चालूच राहते.

गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार मुलांसाठीचा कार्यक्रम टेक्ससमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टला चालवावा लागतो, कॅलिफोर्नियात तो डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर आहे. नामांकनाची खिडकी बहुधा काही आठवड्यांचीच असते आणि पालकांनाही नामांकन करता येतं. शिक्षक स्वतःहून सांगतील म्हणून वाट पाहू नका. गणिताची वाट तर त्याहून महत्त्वाची. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचं असेल तर नेहमीच्या क्रमाने आठवीत अल्जिब्रा 1 व्हावं लागतं, आणि त्याची तयारी सहावीच्या वर्गनिवडीत होते. टेक्ससमध्ये 2023 च्या कायद्यानुसार पाचवीत गणितात वरच्या 40 टक्क्यांत असलेल्या मुलांना सहावीत प्रगत गणितात आपोआप घालतात. इतर ठिकाणी पाचवीच्या वसंतात येणारं 'कोर्स सिलेक्शन'चं पत्र हेच ते दार.

मुलाला वाचायला, बोलायला किंवा लक्ष द्यायला अडचण जात असेल तर स्पेशल एज्युकेशनच्या तपासणीची मागणी लेखी करा, तारीख घालून, ईमेलने. तोंडी सांगितलं तर मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही. लेखी मागणीनंतर कॅलिफोर्नियात 15 दिवसांत तपासणीचा आराखडा मिळायला हवा, आणि तुमच्या सहीनंतर 60 दिवसांत तपासणी होऊन बैठक. टेक्ससमध्ये शाळा चालू असलेल्या 15 दिवसांत उत्तर मिळायला हवं. बैठकीत दुभाषी मागता येतो. भारतात लोक काय म्हणतील म्हणून थांबलेली कुटुंबं इथेही थांबतात आणि मुलाची हातातली वर्षं जातात. इथे या मदतीसाठी पैसे लागत नाहीत, आणि मुलाला ती लहानपणीच सर्वात जास्त उपयोगी पडते.

हायस्कूलला गेल्यावर दोन भाषांच्या प्रावीण्याचा 'सील ऑफ बायलिटरसी' डिप्लोम्यावर मिळतो. कॅलिफोर्नियाने तो सर्वात आधी सुरू केला. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनी नववीतच कौन्सेलरला विचारावं की आपलं डिस्ट्रिक्ट मराठीची कोणती परीक्षा मानतं आणि परदेशी भाषेचं क्रेडिट देतं का. बारावीत विचारलं तर परीक्षेची तारीख निघून गेलेली असते. दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच. न्यूयॉर्क शहराच्या शाळांसाठी ती 2023 मध्ये मंजूर झाली, पण तुमच्याकडे हवी असेल तर कॅलेंडर बरंच आधी मंजूर होतं हे ध्यानात ठेवून कॅलेंडर समितीकडे जा. ऑक्टोबरमध्ये अर्ज देऊन त्याच वर्षी सुट्टी मिळत नाही.

पायरी 6: म्हणणं मांडताना

आधी एक धोक्याची सूचना. एच-1बी, एच-4 किंवा ग्रीनकार्डवर असाल तर बाँड आणि बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. (सॅन फ्रान्सिस्कोने बोर्डाच्या निवडणुकीपुरती नागरिक नसलेल्या पालकांना मुभा दिली आहे, पण तिथेही नोंदणीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.) ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे चुकूनही 'हो' करू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याची खूण केली तर ग्रीनकार्ड आणि नागरिकत्व दोन्ही धोक्यात येतात. शाळेच्या आवारात सह्या गोळा करणारा कुणी फॉर्म पुढे करत असेल तर तो वाचल्याशिवाय सही नको.

मत नसलं तरी बोलण्याचा हक्क आहे. बोर्डाच्या बैठकीत दोन-तीन मिनिटं मिळतात. सुरुवातीला चिठ्ठी भरून किंवा आदल्या दिवशी ऑनलाइन नाव द्यायचं असतं. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला टेक्सस आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे दुप्पट वेळ द्यावा लागतो, म्हणजे नातवंडांना रोज शाळेत सोडणारे आजी-आजोबा मराठीतूनही बोलू शकतात. सदस्य तिथल्या तिथे उत्तर देत नाहीत, विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीवर त्यांना चर्चा करता येत नाही. त्याने निराश होऊ नका.

बोलण्यापेक्षा ईमेल बहुधा जास्त कामाला येतं. बैठकीच्या दोन दिवस आधी पाठवा. विषयाच्या ओळीत विषयपत्रिकेतला क्रमांक घाला. पहिल्या वाक्यात मागणी, मग तुमचा विभाग आणि शाळा, मग एक तपासता येईल असा आकडा किंवा वस्तुस्थिती: 'पर्याय ब नुसार आमच्या विभागातल्या मुलांना सहा पदरी रस्ता ओलांडून जावं लागेल आणि तिथे सिग्नल नाही.' अशा वाक्याची नोंद घेतली जाते. 'आमच्या घराची किंमत उतरेल' या वाक्याने काही साधत नाही, आणि दीडशे पालकांनी एकच मजकूर चिकटवलेलं ईमेल एकच म्हणून मोजलं जातं. प्रत्येकाने आपल्या शब्दांत चार ओळी लिहिल्या तर फरक पडतो.

आकडे मिळत नसतील तर सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली लेखी मागा. कॅलिफोर्नियात उत्तराची मुदत 10 दिवस, टेक्ससमध्ये कामाचे 10 दिवस. 'सगळी माहिती द्या' असं न लिहिता वर्ष आणि कागदाचं नाव लिहा, उदाहरणार्थ 'गेल्या तीन वर्षांचे शाळानिहाय क्षमतेचे तक्ते'. आणि कॅलिफोर्नियात 55 टक्क्यांनी बाँड मंजूर झाला असेल तर त्याच्या खर्चावर नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. तिच्यात किमान सात जण असतात आणि एक जागा पालकासाठी राखीव असते. जागा रिकामी झाल्याची सूचना डिस्ट्रिक्टच्या ईमेलमध्ये अगदी तळाशी एका ओळीत येते. पात्रतेच्या अटी वाचून तिथे अर्ज करा.